स्प्लेंडरला एलईडी बल्ब: डिपरची रेघ जमली तरच पैसे वसूल

स्प्लेंडर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सिग्नलला गाडी उभी राहिली की हेडलाइट मान टाकतो, रेस दिली की पुन्हा जिवात जीव येतो. कारण साधं आहे. या गाडीच्या बऱ्याच मॉडेलांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. तो चालतो मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून थेट येणाऱ्या एसी करंटवर. इंजिन जितकं फिरेल तितका उजेड. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं झालं, म्हणून बटण गेलं, पण बल्ब तोच राहिला, ३५ वॅटचा.

मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे, राहायला भांडुपला. रात्री कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं, सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर फोन करतात आणि मला मुलुंड, पवई, नाहीतर आरेतून गोरेगाव गाठायला लागतं. गाव माणगावजवळ, म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला गोवा हायवे ठरलेला. तेव्हा उजेड ही माझ्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

आधीच निकाल सांगून टाकतो. एलईडी बसवला, ठेवला, समाधानी आहे. पण बल्बला जेवढे पैसे गेले जवळपास तेवढेच वायरिंगला गेले, आणि दिवा सेट करायला डोकं लागलं ते वेगळंच. ज्याला ही कटकट नको असेल त्याने नवा चांगला हॅलोजन टाकावा, हेडलाइटची काच आतून-बाहेरून स्वच्छ करावी आणि गप्प गाडी चालवावी. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यात भागतं.

गंमत नाही करत. एलईडीच्या मागे लागण्याआधी मी मीटर लावून होल्डरवरचं व्होल्टेज बघितलं होतं. आयडलिंगला जेमतेम नऊ व्होल्ट, रेस दिल्यावर साडेबाराच्या पुढे. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं पडलं की उजेड कितीतरी जास्त पडतो, नऊ व्होल्टला तो नुसता लालसर निखारा होतो. म्हणजे दोष बल्बचा कमी, पुरवठ्याचा जास्त. हेच न समजून लोक स्प्लेंडरमध्ये बुलेटवाला ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब कोंबतात. कॉइल तेवढा भार उचलत नाही, उजेड आणखी पिवळा पडतो, आणि वर होल्डरचं प्लास्टिक वितळतं ते फुकट.

नावांचा घोळ आधी सोडवू. आपल्या गाडीत येतो तो एचएस१, ३५/३५ वॅट. त्याचा भाऊ एच४, ६०/५५ वॅट. दिसायला जवळपास सारखे, बुडाच्या पत्र्याच्या कानांत थोडा फरक. लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप. मानकाप्रमाणे एचएस१ अप्परला (लांबच्या झोताला) सुमारे ८२५ लुमेन देतो, डिपरला (खालच्या झोताला) ५२५. एच४ अप्परला १६५०, डिपरला १०००. हे आकडे लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडतात.

दुकान कुर्ल्याचं, सीएसटी रोडवरचं. त्या रस्त्याने कलिनाकडून कधी गेला असाल तर चित्र डोळ्यांसमोर येईल: अर्ध्या फुटपाथवर गाड्यांचे दरवाजे, बंपर, सायलेन्सर, आणि मधूनच एखादी काउंटरची पट्टी जिच्यावर नुसते बल्ब. दुकानाचं नाव देत नाही, कारण पाटीवर एक नाव आहे, कार्डावर दुसरं आणि आजूबाजूचे तिसऱ्याच नावाने हाक मारतात. तशी तिथली चार-पाच दुकानं एकाच पद्धतीने माल विकतात. काउंटरवर बॅटरी ठेवलेली, बल्ब तिला लावतात आणि थेट आपल्या तोंडावर मारतात. आपण डोळे मिटतो, पैसे काढतो. आता डोळ्यांवर मारलेला कुठलाही बल्ब जोरदारच वाटणार. त्याने रस्ता कसा दिसेल हे त्यातून काडीचंही कळत नाही.

पहिला जो पुढे आला त्याच्या खोक्यावर ‘८० वॅट, २०००० लुमेन’. किंमत साडेतीनशे. माझ्या बॅगेत मीटर असतोच, मी म्हटलं, जरा बॅटरीच्या वायरीत घालू द्या. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण दिलं घालू. १.४ अँपिअर. बॅटरी साडेबारा व्होल्टची धरली तर हिशोब साडेसतरा वॅटचा. म्हटलं, शेठ, ऐंशी कुठे आहेत? त्यावर उत्तर आलं, “वो जोड़ी का लिखते हैं भाई.” जोडीचे धरले तरी पस्तीस झाले, उरलेले पंचेचाळीस कुठे गेले ते विचारून मी त्याचा धंदा खोटी केला नाही.

वॅटला साधारण शंभर लुमेन हा अशा बल्बांसाठी उदार हिशोब आहे. म्हणजे सतरा-अठरा वॅटला फार तर सतराशे-अठराशे लुमेन. वीस हजार म्हणजे छोट्या मैदानावरचा दिवा झाला, तो स्प्लेंडरच्या तीन अँपिअर-अवरच्या बॅटरीवर चालत नाही. पण गोष्ट अशी आहे की सतराशेसुद्धा भरपूर आहेत. मूळ बल्ब डिपरला ५२५ देतो हे आठवा. लुमेन कमी पडतात म्हणून एलईडी फसत नाही. फसतो तो उजेड नको तिथे पडतो म्हणून.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळा खेळ याच ठिकाणी आहे आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाहीत. जुना हॅलोजन बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन तारा दिसतील. मागची तार अप्परची, ती रिफ्लेक्टरच्या बरोबर फोकसवर बसते. पुढची डिपरची, फोकसच्या जराशी पुढे, आणि तिच्या खाली एक इवलीशी पत्र्याची वाटी. ही वाटी डिपरच्या तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत पुढे जाताना खाली वळतो. रस्त्यावर जी उजेडाची आडवी रेघ दिसते, खाली लख्ख आणि वर काळोख, ती या वाटीची करामत. समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात ते तिच्यामुळे. तारेची जागा एक-दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी ही रेघ बिघडते.

आता तो साडेतीनशेवाला बघा. जाड दांडा, तिन्ही बाजूंना पिवळ्या चिपा डकवलेल्या, वाटीचा पत्ता नाही. अप्पर-डिपर म्हणजे काय, तर डिपरला काही चिपा पेटतात, अप्परला सगळ्या. खालच्या बाजूची चिप डिपरलाही पेटते, तिचा उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर उडतो. झाडांचे शेंडे, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, समोरच्या रिक्षावाल्याचे डोळे, सगळं उजळतं. रस्ता सोडून. आपल्याकडे रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या बाइकचा दिवा डोळ्यांत सुई टोचतो त्यामागे पोरांचा माज कमी आणि हा साडेतीनशेचा दांडा जास्त आहे. त्यात गार्डवर लावलेले चौकोनी फॉग आले की विषयच संपला.

मी घेतलेला बल्ब १३५० ला पडला. नाव लिहीत नाही, कारण तोच बल्ब दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत त्याच काउंटरवर होता, उद्या चौथ्या नावाने येईल. काय बघायचं ते सांगतो. मधली पट्टी पातळ हवी, जवळपास नाण्याइतकी. चिपा फक्त डाव्या-उजव्या बाजूला, आणि हॅलोजनशेजारी धरला तर तारा जिथे आहेत बरोबर तिथेच. डिपरच्या चिपांखाली पत्र्याची वाटी. आणि बुडाची कॉलर फिरवता येणारी, बारीक ॲलन स्क्रूने आवळायची. मी जुना बल्ब सोबत नेला होता. दोन्ही शेजारी ठेवून नखाने माप घेतलं. दुकानदार माझ्याकडे लग्नात हुंड्यातली भांडी मोजणाऱ्याकडे बघावं तसा बघत होता.

या बल्बला पंखा नाही, मागे उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांचा हीटसिंक आहे. हे मुद्दाम. पंखेवाले बल्ब बाकड्यावर चांगले चालतात, पण आपल्याकडच्या पावसात आणि धुळीत त्या रुपयाएवढ्या पंख्याचं आयुष्य किती हे लिफ्टच्या पॅनेलमधले पंखे बदलून बदलून मला पाठ झालं आहे. पंखा बंद पडला की चिप तापते, तापली की उजेड उतरतो, आणि मग एक दिवस बल्बमधला ड्रायव्हर, म्हणजे चिपांना करंट देणारं सर्किट, जातो.

आता वायरिंग. ‘एसी-डीसी दोन्हीवर चालतो’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि चालतोही, पण आयडलिंगला लुकलुकतो. दुकानाच्या बाहेरच लावून बघितला, सिग्नलला उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्ससारखा. एलईडी लावायचा तर हेडलाइट बॅटरीवर, म्हणजे डीसीवर आणावा लागतो. त्याचे दोन मार्ग. सोपा मार्ग म्हणजे हेडलाइटची एसी वायर तोडायची आणि चावीच्या पॉझिटिव्हवर जोडायची. दहा मिनिटांचं काम, रस्त्यावरचा कोणीही करून देतो. पण मूळ रचनेत कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं, त्यामुळे बॅटरीच्या वाट्याला लाटेचा अर्धाच भाग येतो, उरलेला हेडलाइटसाठी. हेडलाइट बॅटरीवर ढकलला तरी चार्जिंग तेवढंच राहतं. मग शहरात सिग्नल-सिग्नल खेळत आठवडा गेला की बॅटरी बसते आणि लोक म्हणतात एलईडीने बॅटरी खाल्ली.

दुसरा मार्ग लांबचा. मॅग्नेटचं कव्हर उघडायचं, कॉइलचं अर्थला लावलेलं टोक सोडवायचं, दोन्ही टोकं बाहेर आणायची आणि फुल वेव्ह आरआर युनिट (लाटेच्या दोन्ही भागांचा डीसी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बसवायचं. मग कॉइलची सगळी कमाई बॅटरीत जाते. दुकानातल्या वायरमनने आपणहून हेच सुचवलं, तिथे त्याच्याबद्दल आदर वाटला. साठीच्या पुढचा माणूस, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. चष्मा कपाळावर, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघणारा. कॉइलवरचा जुना झाळ त्याने असा अलगद सोडवला की शेजारच्या वेटोळ्याच्या इन्सुलेशनला चटका लागला नाही. नवा जोड देताना आधी तांबं घासून चकचकीत केलं, मग झाळ. आमच्याकडे नवीन पोरांना हे महिनाभर शिकवावं लागतं.

एका ठिकाणी मात्र आमचं वाजलं. हेडलाइटच्या डब्यात वायरी पिळून टेप मारायचा त्याचा विचार होता. पावसाळ्यात त्या टेपचा डिंक होतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तीस वर्षं असंच करतो. मी म्हणालो, उस्ताद, तुम्ही तीस वर्षं करता, मी भरपावसात आरेत अडकतो. शेवटी थिंबल (वायरीच्या टोकावर आवळायची धातूची टोपी) आणि वर उष्णतेने आवळणारी नळी लावली, रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) टाकला, बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूज टाकला. फ्यूज नको म्हणणाऱ्या कोणाकडूनही गाडीची वायरिंग करून घेऊ नका, मग तो कितीही मोठा उस्ताद असो.

काम झाल्यावर मीटर लावला. दिवा चालू, आयडलिंगला बॅटरीवर १२.६ व्होल्ट. रेस दिल्यावर १४.१. याहून जास्त काही नको होतं. एक सवय मात्र बदलावी लागते. आता चावी फिरवली की इंजिन बंद असतानाही दिवा लागतो. तीन अँपिअर-अवरच्या बॅटरीतून दीड अँपिअर म्हणजे कागदावर दोन तास, प्रत्यक्षात त्याच्या बरंच आधी सेल मारायचा बंद होतो. स्प्लेंडरला किक आहे म्हणून काळजी नाही, पण चावी लावून गप्पा मारत उभं राहायचं नाही.

बल्ब बसवताना दोन अडचणी आल्या. एक, कॉलर एच४ची होती, आपली सीट एचएस१ची. एक कान कानशीने किंचित घासावा लागला. घासताना माप सांभाळलं नाही तर बल्ब सीटमध्ये हलतो आणि सगळी मेहनत पाण्यात, त्यामुळे हे काम घाईच्या माणसाला देऊ नका. दोन, हीटसिंकमुळे मागचं रबर बसेना. उस्तादचा पोऱ्या ब्लेड घेऊन रबराला मोठं भोक पाडायला निघाला होता, त्याला थांबवला. ते रबर पाणी अडवायला असतं. हीटसिंकच्या मापाचं थोडं मोठं रबर शोधायला त्यालाच शेजारच्या दुकानात पाठवलं, तीस रुपयांत मिळालं. हॅलोजन पुढच्या बाजूला भरपूर उष्णता फेकतो, त्याने काचेवरचं बाष्प उडून जातं. एलईडीची उष्णता मागे जाते, काच थंडच राहते. त्यामुळे आत एकदा दमट हवा शिरली की ती लवकर निघत नाही. जुलैमध्ये माझ्याही काचेवर आतून धुकं धरतं, सकाळच्या उन्हात जातं.

सेटिंग घरी केलं. सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी, स्टँडवर नाही, दोन्ही चाकांवर, आणि वर मी बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, तिच्याखाली सात-आठ सेंटीमीटरवर दुसरी. डिपरचा वरचा काठ दुसऱ्या रेघेवर यायला हवा. पहिल्यांदा लावला तेव्हा काठ डावीकडे बरोबर आणि उजवीकडे चढलेला, तिरका. हे दिव्याच्या स्क्रूने सुटत नाही. बल्बच स्वतःभोवती थोडा फिरलेला असतो. ॲलन स्क्रू सैल केला, बल्ब केसभर फिरवला, परत बसवला, परत बघितलं. घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या दिशांना चिपा आल्या तेव्हा काठ सरळ झाला आणि इतका स्वच्छ झाला की खडूची रेघ त्याच्यात बुडाली. हे फिरवणं नव्वद टक्के गॅरेजवाले करत नाहीत. त्यांना कॉलर फिरते हेच माहीत नसतं.

मग बायकोला मागे बसवून पुन्हा बघितलं. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि रेघ चढते, माझ्या गाडीवर ती खडूच्या वरच्या रेघेला टेकली. म्हणून आता कायमच थोडा खाली ठेवला आहे. शेवटची परीक्षा अशी: कोणालातरी गाडी धरून उभं करा, वीसेक पावलं पुढे जा आणि उकिडवे बसा, म्हणजे कारवाल्याच्या डोळ्यांची उंची येईल. तिथून दिवा बघवला तर ठीक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा असावा हीच अट आहे. जर्मनीत २०२० साली पहिल्यांदा हॅलोजनच्या जागी लावायच्या एलईडीला रस्त्यावर परवानगी मिळाली, तीसुद्धा सरसकट नाही. कुठली गाडी, कुठला हेडलाइट याची यादी सोबत. बल्ब एकटा चांगला किंवा वाईट नसतो, तो ज्या रिफ्लेक्टरमध्ये बसतो त्याच्यासकट असतो, हे त्यांनी कागदावर आणलं आहे.

शहरात काय फरक पडला? खरं सांगायचं तर एलबीएस मार्गावर बघण्यात काही नाही. वर पालिकेचे दिवे, बाजूला दुकानांचे, तिथे मेणबत्ती लावून गेलं तरी खड्डा चुकवता येतो. फरक हा की सिग्नलला दिवा मरत नाही, आरशात मी इतरांना ठळक दिसतो, त्यामुळे अंगावर येणारे थोडे कमी झाले.

आरेत मात्र पैसे वसूल. गोरेगावकडून आत शिरून पवईच्या बाजूला निघेपर्यंत मध्ये असे तुकडे आहेत जिथे दोन्ही बाजूंना नुसतं झाड आणि काळोख. न रंगवलेले गतिरोधक, रस्त्यात बसलेली जनावरं, कडेने चालणारी पाड्यांवरची माणसं, आणि बिबट्यांची वस्ती तर सगळ्यांना माहीत. पूर्वी डिपरचा पिवळट डाग पुढच्या चाकाच्या थोडा पुढे असायचा. आता रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात, गतिरोधकाची सावली आधी कळते, वळणावर कडेचं गवत उजळतं.

पण दोन गोष्टी खटकतात. रेघेच्या वर ठार काळोख. हॅलोजनचा थोडा उजेड वर सांडायचा, त्यात चालणाऱ्या माणसाचा धड-चेहरा आणि दिशादर्शक पाट्या अंधुक का होईना दिसायच्या. आता माणूस गुडघ्यापर्यंत लख्ख, वर काही नाही. दुसरी गोष्ट अधिक फसवी. अगदी जवळचा रस्ता इतका उजळतो की डोळ्यांची बाहुली आक्रसते आणि लांबचं आधीपेक्षा काळं वाटतं. मनाला वाटतं भरपूर दिसतंय, म्हणून हात आपोआप पिळतो. दिसतंय ते जवळचं.

याचाच दुसरा भाग गोवा हायवेवर कळला. पळस्प्यापासून वडखळपर्यंत गर्दी असते, डिपरवरच जावं लागतं, छान जातं. नागोठणे सोडून कोलाडच्या बाजूला मोकळा रस्ता लागला की अप्पर मारतो, तिथे हा बल्ब साधा निघतो. उजेड रुंद पसरतो, पण हॅलोजनच्या तारेचा मधला टोकदार झोत लांबवर जायचा तसा जात नाही. लुमेन दुप्पट, पल्ला जवळपास तेवढाच. जे फक्त हायवेसाठी घेणार असतील त्यांनी हे लिहून ठेवावं.

आणि पाऊस. लोक म्हणतात पांढरा उजेड पावसात दिसत नाही, पिवळा घ्या. पावसाचे थेंब सगळेच रंग परत फेकतात, पिवळ्याला सूट देत नाहीत. पण ६००० केल्विनचा निळसर पांढरा परतून आला की डोळ्याला जास्त बोचतो, हे खरं. ओल्या डांबराची गोष्ट वेगळीच, ते आरशासारखं वागतं. उजेड पुढे घसरून जातो, आपल्याकडे परत येतच नाही, म्हणून हॅलोजन असो की एलईडी, जुलैच्या रात्री रस्ता गिळतोच. ४३०० केल्विनचा, म्हणजे जरा पिवळसर, मिळाला तर तो घ्या. मला हव्या त्या बनावटीत तो दुकानात नव्हता, मागवून ठेवतो म्हणाले आहेत, ‘नेक्स्ट वीक’ अजून आलेला नाही.

खर्चाचा हिशोब: बल्ब १३५०, आरआर युनिट ४८०, रिले, फ्यूज, वायर मिळून १६०, मजुरी ४००. एकूण २३९०, रबराचे तीस वेगळे. बिल मागितलं तर कच्चं मिळालं. बल्बला वर्षाची वॉरंटी, तिचा पुरावा म्हणजे हीटसिंकवर मार्करने लिहिलेली तारीख. ती पुसली जाऊ नये म्हणून मी वर पारदर्शक नेलपॉलिश मारून घेतलं, बायकोचं.

जुना हॅलोजन टाकू नका, सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवा. डीसी झाल्यावर तोही त्याच होल्डरला चालतो आणि कोलाडला मध्यरात्री एलईडी मिळत नाही.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला दुकान बंद असतं. चारनंतर गेलात तर उस्ताद दुसऱ्या कोणाच्या गाडीत अडकलेले सापडतील, पोऱ्या सापडेल, पण पोऱ्याला कॉइलला हात लावू देऊ नका. सकाळी अकराला जा, जुना बल्ब खिशात ठेवा, आणि जो अँपिअर मोजू देत नाही त्याच्या काउंटरवरून पुढच्या काउंटरवर चला.